त्रेचाळीस नंबर

तिकीट काढून झाल्यावर लक्षात आलं, घालायचं काय.
बॅगेत दोन थर्मल, एक कॉन्फरन्सचं जाकीट,
छातीवर बिल्ल्याच्या पिनेची दोन भोकं,
आणि एक टाय, सासऱ्यांनी दिला म्हणून आणलेला,
जो माझ्या गळ्यात नेहमी
नाकापेक्षा मोती जड असा दिसतो.

रिगा. जानेवारी. दुपारी साडेचारलाच रात्र.
हॉटेलच्या काउंटरवर मादारा म्हणाली,
स्वच्छ असलं की झालं, कोणी बघत नाही.
मग थांबून: आणि बूट?
मी म्हटलं, आहेत की. पायातच आहेत.
ती काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला.

टायची गाठ चार वेळा बांधली.
चौथी पहिलीसारखीच आली.

सभागृहाच्या तळघरात, कोटांच्या जंगलाशेजारी
लांब बाकांवर सगळे बसलेले, वाकून.
बर्फातले बूट उपसून काढतायत,
पिशवीतून दुसरे काढतायत,
वर्तमानपत्रात मासळी गुंडाळावी तसे गुंडाळलेले.
एक आजोबा, स्वेटरच्या कोपराला ठिगळ,
पण बूट असे की त्यात दिवा दिसावा.
आणि मी उभा,
पायाखाली मिठाचं, चिखलाचं तळं वाढत चाललेलं.

काउंटरमागे आउस्मा. नाव बिल्ल्यावर.
तिनं माझा कोट घेतला, कॉलरमागे चाचपलं.
अडकवायची नाडी तुटलेली.
शाळेतल्या बाईंनी कोरी वही दाखवावी
तशी ती मला दाखवली,
आणि वाकून खाली पाहिलं.
टायकडे नाही. भोकांकडे नाही.

मी खुणेनं सांगितलं: काढतो, मोज्यांवर जातो.
आमच्याकडे गाणं अनवाणीच ऐकतात, बाई,
दाराशी चपलांचा ढीग, आणि परतताना
कुणाची कुणाच्या पायात गेली
तरी भैरवी कानात असते, भांडण होत नाही.
हे खुणेनं सांगता येत नाही.
दाखवता आला तो फक्त एक मोजा
आणि त्यातून बाहेर आलेला अंगठा.

ती हसली नाही.
खालच्या खणातून एक जोड काढला,
कुणीतरी विसरून गेलेला.
आत टाचेवर खडूनं साल: २०११.
नंबर त्रेचाळीस. माझा एक्केचाळीस.
पायीची वहाण पायी बरी म्हणतात.
कुणाच्या पायी, ते म्हणीत नाही.

चेलो सुरू झाला तेव्हा कळलं, डावा करकरतो.
मग बोटं आवळून बसलो,
तळव्याखाली परक्या अंगठ्याचा खळगा.
विलंबित भाग आख्खा तसाच ऐकला.
इतकं न हलता मी कधीच काही ऐकलं नव्हतं.

शेवटच्या भागाआधी खोकला आला.
बाहेर पडलो, करकरत, सतरा माणसांच्या गुडघ्यांवरून.

खाली भिंतीवर छोटा स्पीकर, खरखरता.
आउस्मा स्टुलावर. मांडीवर माझा कोट,
सुईत लाल दोरा, दुसरा बहुतेक नसावा.
तिनं बोट वर केलं: बसा. गप्प.
मी बाकावर बसलो, खोकला तोंडात धरून.
तिथून काउंटरच्या फळीखालून
तिचे पाय दिसत होते.
काळे, पट्ट्याचे, बारीक टाचेचे बूट,
आजच पॉलिश केलेले,
जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागी.
उजव्याचं टोक ठेका धरत होतं,
जमिनीला न लागता.

वर टाळ्या सुरू झाल्या, मग खालीही ऐकू आल्या,
अर्ध्या क्षणानं उशिरा.
तिनं दोरा दातानं तोडला.

जोड परत केला. टाचेवरचं साल
माझ्या मोज्याला लागून आलं होतं.
तिनं आत बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि खण उघडून खडू शोधू लागली.

ट्राममध्ये एका पोरानं टायकडे टक लावली.
त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कुणीतरी.